डोंगरावरचा काढा आणि दोन मडकी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक वैद्य राहायचा, आणि त्याचं तापावरचं औषध म्हणे कधीच वाया जात नसे.

औषध म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जुन्या झाडाच्या सालीचा काढा. मात्र त्याला एक नेम होता. रोग्याने स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि झाडाखाली बसूनच काढा प्यायचा. उचलून नेलेल्याला गुण येत नाही, असं वैद्याचे आजोबा सांगून गेले होते. पाऊस सरला की गावात ताप यायचा. लोक डोंगर चढायचे, काढा प्यायचे आणि बरे व्हायचे. दरसाल हेच.

वैद्याच्या घरी नुकतीच सून आली होती. बोलायची कमी. तिचं माहेर सपाटीवरचं, त्यामुळे डोंगराचं तिला भारी अप्रूप. मागच्या दारी भांडी घासता घासता ती वर जाणाऱ्या पायवाटेकडे बघत बसायची. सासूला वाटायचं, पोरीला माहेर आठवतंय. पोरगी माणसं बघत होती.

वाटेच्या मध्यावर एक मोठा धोंडा होता. धापा टाकत आलेले रोगी त्यावर टेकायचे. काही उठून वर जायचे. काही तिथूनच माघारी फिरायचे.

एकदा सासऱ्यांना जेवायला वाढताना तिने विचारलं, “मामंजी, धोंड्यापासून परत फिरतात, त्यांचं पुढे काय होतं?”

“परत कोण फिरतं?” वैद्याने विचारलं. तो बिचारा माथ्यावर झाडाखाली बसलेला असायचा. त्याला दिसायचे ते फक्त पोचलेले.

“रोज दोघं-तिघं तरी.”

“मग औषधच घेतलं नाही, तर गुण कसला येणार? त्यांतले पुष्कळ दगावत असतील. माझ्यापर्यंत आला तो मात्र बरा झालाच. याहून पुरावा कोणता हवा?”

सुनेने आमटी वाढली. मग हळूच म्हणाली, “अंगात ताप असताना जो एवढा डोंगर चढतो, तो तसाही बरा झाला असता का, असं आपलं मनात आलं.”

सासूने डोळे वटारले. वैद्य रागावला नाही. पण त्या दिवशी तो ताक न मागताच पानावरून उठला.

पुढे आठवड्याभरातच तानीला ताप आला. तानी म्हणजे वैद्याचं शेंडेफळ, सुनेची लाडकी नणंद. तिला उंबरा ओलांडायलाही धरावं लागत होतं. डोंगर कुठला चढणार?

“मी नेते तिला खांद्यावर,” सासू म्हणाली.

“उचलून नेलेल्याला गुण येत नाही,” वैद्य म्हणाला. हेच वाक्य त्याने आजवर कितीतरी आयांना ऐकवलं होतं.

“मग काढाच खाली आणला तर?” सुनेने विचारलं.

“नेम मोडेल.”

“मोडून बघू या. पण मामंजी, नुसता आणून भागणार नाही. तानी बरी झाली तर ती काढ्यामुळे, की अंथरुणात पडून पेज प्यायल्यामुळे, हे कळणार कसं?”

“कळून करायचंय काय तुला?” सासू कडाडली. “माझी पोर तापाने फणफणलीय आणि हिला कोडी सुचतायत!”

“गावात अशा पुष्कळ तान्या आहेत, सासूबाई. पुढच्या सालीही असतील.”

वैद्य उठला आणि तडक देवळात गेला.

त्या देवळात कौल लावायची रीत होती. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायचा. उजवी आधी पडते की डावी, यावर गावाचे सगळे निर्णय व्हायचे. वैद्याने गाव जमवलं आणि सरळ सांगितलं, “दोन मडकी भरू. एकात सालीचा काढा. दुसऱ्यात कडुनिंबाचं पाणी, कात घालून रंगवलेलं. दोन्ही सारखीच कडू, सारखीच लाल-काळी. एका मडक्याला लाल दोरा, एकाला पांढरा. कशात काय आहे ते एकट्या गुरवाला ठाऊक. मलाही नाही. प्रत्येक रोग्याचा कौल लावायचा. उजवी पाकळी पडली तर लाल, डावी पडली तर पांढरा. आणि सगळ्यांनी घरी निजून राहायचं, पेज प्यायची.”

“म्हणजे निम्म्या गावाला खोटं औषध?” शेजारीण ओरडली. “हा कुठला न्याय, वैद्यबुवा?”

“बाई, औषध कोणाला मिळणार ते आजवर डोंगर ठरवत होता. धडधाकट तेवढे त्याने वर घेतले. देव तरी दुजाभाव करणार नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने खुशाल वर यावं, मी काढा देईन.”

गाव कुरकुरलं. पण कौलापुढे कोण बोलणार? शिवाय डोंगर चढायचा नव्हता, हेही होतंच.

तानीचा कौल लावला तेव्हा डावी पाकळी पडली. पांढरा दोरा.

झालं काय, की सगळ्यांत आधी अंथरुणातून उठलेले चौघंही लाल दोऱ्याचे निघाले. शेजारणीने गावभर डंका पिटला, “लालात जीव आहे गं बायांनो, लालात!” इकडे तानीचा ताप चढतच होता. सासू वाटी घेऊन मडक्यांपाशी आली.

“मला लालातलं द्या.”

वैद्याचा हात लाल दोऱ्याकडे गेला. बापाचाच हात तो.

सून ओटीवर बसली होती. तिने सारीपाटाचे फोडलेले चिंचोके डब्यातून काढले, चार उचलले आणि खाली टाकले. चारही पांढरं अंग वर करून पडले.

“मामंजी, यांच्यात आता देव आला का?”

तिने पुन्हा टाकले. दोन काळे, दोन पांढरे. मग ओंजळभर टाकले. निम्मे काळे, निम्मे पांढरे.

“चार टाकले की चिंचोकेही चमत्कार करतात,” ती म्हणाली. “ओंजळभर पडले म्हणजे खरं काय ते दिसतं. आपल्या हातात अजून चारच पडलेत.”

“आणि माझी तानी कितवा चिंचोका गं?” सासूने विचारलं.

सून उठली. ती आत गेली आणि तानीच्या कपाळावरची पट्टी बदलू लागली. 

वैद्याने लाल दोऱ्याकडे गेलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, “लाल बरा की पांढरा हे मला ठाऊक असतं, तर तोच दिला असता. पण मला ठाऊक नाही.” हे शब्द त्याच्या तोंडून त्या घरात कोणी कधी ऐकले नव्हते. त्याने वाटी पांढऱ्यातून भरली.

थंडी पडली तसा ताप ओसरत गेला. एका सकाळी तानी उठून बसली आणि तिने गूळभाकरी मागितली.

मग गाव पुन्हा देवळात जमलं. जे वाचले आणि जे गेले, त्यांचे माणशी एक असे चिंचोके दोऱ्यांप्रमाणे देवापुढे मांडले. लाल काय नि पांढरा काय, वाचलेल्यांची रास जवळपास सारखी, आणि गेलेल्यांचीही. फरक होता तो एखाददुसऱ्याचा. तेवढा चिंचोक्यांच्या खेळातही पडतो.

“लालात काय होतं?” कोणीतरी विचारलं.

“कडुनिंब,” गुरव म्हणाला.

शेजारणीने कपाळाला हात लावला. “अगं बाई! इतके दिवस मी निंबासाठी भांडले?”

सासू मात्र उजळली. “म्हणजे तानीला साल मिळाली! सालीनेच वाचली माझी पोर!”

“सालवाले आणि निंबवाले सारखेच वाचले, सासूबाई. एका तानीवरून काही सांगता येत नाही.”

“मला एक तानी पुरे आहे,” सासू म्हणाली आणि तिने पोरीला पोटाशी धरलं.  

“पण यंदा माणसं कमी गेली!” शेजारीण पुन्हा सरसावली. “म्हणजे खरं औषध पेजच!”

वैद्याने सुनेकडे पाहिलं. तिने पदर सावरला आणि म्हणाली, “यंदा तापच हलका आला असेल तर?”

वैद्य खदखदून हसला. “गुरवबुवा, पाकळ्या जपून ठेवा. पुढच्या सालीही लागतील!”

डोंगर चढायचा नेम त्या दिवशी सुटला. कडुनिंबाहून सरस न ठरलेल्या काढ्यासाठी तापलेल्या माणसाला डोंगरावर कशाला चालवायचं?

दुसऱ्या दिवशी वैद्य एकटाच पायवाटेने निघाला आणि अर्ध्यावरच्या धोंड्यावर जाऊन टेकला. इतकी वर्षं तो इथून गेला होता, थांबला कधीच नव्हता. तिथून माथ्यावरचं झाड दिसत नव्हतं. खाली गाव मात्र सगळं दिसत होतं. माघारी फिरलेली माणसं ज्या ज्या घरांत गेली असतील, ती सगळी घरं.

तात्पर्य: बरा झालेला माणूस औषधाची साक्ष देतो खरा, पण ती मानण्याआधी अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्याच्या घरीही जाऊन यावं.