हेसिओनीची ओढणी

ग्रीकांच्या सालामिस बेटावर एकदा एका वृद्ध गायकाने आपल्या शिष्याची परीक्षा घेतली. तिथली रीत अशी, की गाणे संपल्यावर गुरूने यज्ञातल्या मांसाचा पहिला वाटा ज्याच्यापुढे ठेवावा, तो त्या दिवसापासून राजसभेचा गायक. त्या एका ताटासाठी शिष्य सात वर्षे राबला होता.

तो ट्रॉय नगरीच्या पाडावाचे गाणे गायला. हर्क्युलिसने तट कसा फोडला, राजाला आणि त्याच्या मुलांना कसे ठार केले, सगळे खणखणीत आवाजात. अंगण डोलू लागले. 'धाकटा राजपुत्र तेवढा वाचला,' असे घाईने म्हणून त्याने वाद्य खाली ठेवले.

गुरू ताट घेऊन उठले, शिष्यासमोरून पुढे गेले आणि कोपऱ्यात मागावर बसलेल्या एका म्हाताऱ्या दासीपुढे त्यांनी ते ठेवले.

लोक हसले. शिष्याच्या कानशिलांना आग लागली. "गुरुजी, मी इकडे आहे!"

"दिसतोयस की. धाकटा वाचला म्हणालास. कसा वाचला?"

"वाचला असेल कसातरी. त्यात गाण्यासारखं काय आहे?"

"ही हेसिओनी," गुरू म्हणाले. "ट्रॉयची राजकन्या, त्या धाकट्याची बहीण; युद्धाच्या लुटीत इथं आणलेली. बंदिवानांपैकी एकाला सोडव, असं विजेत्यांनी हिला सांगितलं. पण तो आधी गुलाम ठरणार आणि काहीतरी मोल देऊनच सुटणार. हिच्याजवळ उरली होती डोक्यावरची जरीची ओढणी. राजकुळातल्या स्त्रीनं परपुरुषांपुढे डोकं उघडं करणं म्हणजे जिवंतपणी मरण. साऱ्या सैन्यासमोर हिनं भावासाठी ती काढून दिली. तो भाऊ आज ट्रॉयवर राज्य करतो. तुझ्या वीरांनी नगर पाडलं. ते पुन्हा उभं राहिलं ते हिच्यामुळे. आणि तुझ्या गाण्यात हिला एक ओळ नाही!"

म्हातारी पुटपुटली, "अहो, मला दात कुठे आहेत? द्या त्या पोराला." तिने ताट पुढे सरकवले.

ताट आता शिष्याच्या हाताशी होते. त्याने ते हळूच परत तिच्याकडे लोटले आणि मागाजवळ मांडी घातली.

"आई, तो तेव्हा केवढा होता?"

तिच्या हातातला धोटा थांबला. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलेच नव्हते.

"एवढासा," ती म्हणाली. "ताईची ओढणी परत द्या म्हणून रडत होता."