पत्र्यावरचे दोन थेंब

“शर्यतीच्या गाड्यांत हेच तेल घालतात, चाचा. यात उणं काय आहे?”

याकूब मेस्त्री दुपारच्या नमाजासाठी हातपाय धुऊन वजू करीत होते. नमाज आटोपून ते कारखान्यात परतले, तेव्हाही त्यांचा शिष्य निशांत पावसे तो चकचकीत डबा हातात धरून तसाच उभा होता.

दोघांच्या मध्ये, लाकडी ठोकळ्यांवर, जीवरक्षकांची वॉटर स्कूटर होती. चोवीस वर्षांची. बुडणाऱ्या माणसापर्यंत वेळेत पोहोचेल असे त्या किनाऱ्यावर दुसरे साधन नव्हते. उद्या सकाळी ती पाण्यात उतरणार होती. निशांतने तिचे इंजिन प्रथमच एकट्याने उघडून पुन्हा बांधले होते, आणि उत्तम बांधले होते.

त्या बंदरातल्या कारागिरांची एक रीत होती. इंजिन बांधणाऱ्याने सीटखालच्या झाकणाला आतून आपले नाव रंगवायचे. मात्र गुरूने होकार दिल्यावर. निशांतने विचारण्यापूर्वीच लाल रंगाची डबी उघडून ठेवली होती.

“गाडीचं पुस्तक काय म्हणतं?” मेस्त्रींनी विचारले.

“ते चोवीस वर्षांपूर्वीचं आहे.”

“गाडीही.”

...

“रागावू नका, चाचा. तुमचं टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. हे टिकतं. कितीही तापवा, टिकतं. पुण्यात तीन वर्षं मी हेच शिकून आलो.”

“चांगलं शिकलास. चहाची शेगडी अंगणात पेटव.”

शेगडीवर लोखंडी पत्रा तापला. मेस्त्रींनी आपल्या जुन्या डब्यातल्या निळसर तेलाचा एक थेंब त्यावर सोडला; त्याच्या शेजारी निशांतच्या तेलाचा एक.

दोघे उकिडवे बसले.

निळसर थेंब धुरावला, आक्रसला, डागही न ठेवता नाहीसा झाला. दुसरा होता तिथेच राहिला.

“पाहिलंत?” निशांत हसला. “तुमचा पळाला.”

“अजून बस.”

...

राहिलेला थेंब काळा पडला. मग त्याची खपली झाली. निशांतने पेचकसाने ती खरवडून पाहिली. निघाली नाही. त्याने जोर लावला. तरी निघाली नाही.

“या इंजिनात तेल राहायला येत नाही,” मेस्त्री म्हणाले. “येतं, काम करतं, जळून जातं. ही खपली आत धरली की भर समुद्रात इंजिन जाम. समोर माणूस हात वर करतोय... आणि तू पोहोचत नाहीस.”

निशांतचे हसू मावळले.

त्याने आपला डबा बंद केला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुस्तक काढले. त्यात लिहिलेला तेलाचा दर्जा मेस्त्रींच्या डब्याशी अक्षर अक्षर ताडून पाहिला, आणि मगच त्या तेलाने कोरडी टाकी भरली. एक थेंब सांडू दिला नाही.

मेस्त्रींनी मान डोलावली. “इंजिन तू माझ्यापेक्षा चांगलं बांधलंस.”

निशांतची छाती पुन्हा फुगली. त्याने कुंचला उचलला.

“मग नाव घालू, चाचा?”

“घाल की. रंग वाळत चालला आहे तुझा. माझं नाव बघ, त्याच्या खाली घाल.”

निशांतने सीट उचलली, विजेरी लावली, झाकणाचा कोपरा न् कोपरा पाहिला. चोवीस वर्षे त्या गाडीचे इंजिन मेस्त्रींनीच बांधले होते. झाकणावर एक अक्षर नव्हते.

“चाचा... तुमचं नाव तर कुठेच नाही.”

मेस्त्रींनी थंड झालेला पत्रा उचलून त्याच्या हाती दिला.

“आधी जळून गेलेला थेंब कुठे होता, ते दाखव.”