बुवांची जागा

"बुवा, तुमच्या जागेला ब्लेड लावायला तुमची हरकत नाही ना?"

आबाजीबुवा सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"माझी जागा?"

"बोटीतली."

"कुणाच्या बोटीतली?"

"माझ्या..." हणमंत म्हणाला, आणि त्याचा आवाज उगाचच बारीक झाला.

हणमंत उतेकर म्हणजे आमच्या काठावरचा एकमेव मोटरबोटवाला. धरणाचं पाणी चढल्यापासून इकडच्या वाड्यांचा बाजार, दवाखाना, कचेरी सगळं पलीकडच्या तीरावर गेलं, आणि मधे राहिला हणमंत. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तो चालायचाही तसाच. वडिलांची वल्ह्याची होडी विकून त्यानं पांढऱ्या रेक्झिनच्या सीटांची बोट आणली, तेव्हापासून त्याची मान खाली गेलेली मी पाहिली नव्हती. आज मात्र तो मठाच्या ओसरीवर उभा राहून बोटीची किल्ली या हातातून त्या हातात करत होता.

बुवा पाण्यावर जाऊन वर्षं झाली होती. त्यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे मठ आणि मठाची उतरण एवढंच त्यांचं जग. पण हणमंतच्या बोटीत त्यांची जागा आहे हे अख्ख्या काठाला माहीत होतं. डाव्या बाकाचं टोक, त्यावर भगवी शाल, शालीवर फूल. तिथं कुणी बसायचं नाही. मठाचं सामान आणायला मीच जातो, आणि चढताना त्या जागेला नमस्कार करायला मी कधी चुकलो नाही. बुवा माझ्या माघारी कधीतरी बसून आले असतील, असं मी धरूनच चाललो होतो.

"मी तिथं कधी बसलो?" बुवांनी विचारलं.

हणमंतनं माझ्याकडे पाहिलं. मी झाडू हातात घेतला.

"तसं... नाही बसला तुम्ही."

बुवांनी एक खडा वेचून बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ पुढे ओढले. बुवा गप्प राहिले की समोरच्याला बोलल्यावाचून राहवत नाही. हणमंतलाही राहवलं नाही. तो खाली बसला आणि सांगायला लागला.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्या टोकाची शिवण उसवली. बोटभर, जास्त नाही. रिसॉर्टची पाहुणेमंडळी बोटीत चढली, त्यातल्या एका बाईनं नाक मुरडलं आणि दुसरी चांगली बोट नाही का म्हणून विचारलं. हे हणमंतच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं वडिलांना मठातून मिळालेली शाल त्या जागी अंथरली. कुणीतरी तिच्यावरच बसायला गेलं, तेव्हा याच्या तोंडून निघून गेलं, की तिथं नको, ती बुवांची जागा आहे.

"तोंडून निघालं," तो म्हणाला. "ठरवून नाही म्हणालो मी."

पुढचं त्याला काही करावंच लागलं नाही. चिमाबाईंनी पुढच्या बाजाराला तिथं झेंडूचं फूल ठेवलं. त्यांचा विलास आखातात कामाला, त्याचा फोन येईना म्हणून त्या काळजीत होत्या. फूल ठेवलं आणि फोन आला. झालं, मग उदबत्त्या आल्या, नारळ आले, बोटीत चढणारा प्रत्येक जण आधी तिकडे वळायला लागला.

"पैसे मात्र एकदाही ठेवू दिले नाहीत," हणमंत म्हणाला. याचा त्याला अजून अभिमान होता.

"आणि शिवण?"

शिवण शालीखाली वाढत गेली. पाण्याचे तुषार आत जात राहिले, पावसाचं पाणी जात राहिलं, आणि शाल असल्यामुळे ते कधी वाळलं नाही. आतला फोम भिजून जड झाला. फोमखालची प्लायवूडची फळी फुगली. लोकांसमोर शाल उचलायची सोय नव्हती आणि एकटा असताना उचलायची हिंमत होईना. शेवटी मागच्या आठवड्यात उचलली.

"बोट टेकवलं तर आत जातंय, बुवा. फळी म्हणून काही राहिलीच नाही. खाली नुसती पोकळी आणि बॅटरीची लोखंडी चौकट."

"दुरुस्तीला किती म्हणतात?"

"अठरा हजार. प्लाय, फोम, रेक्झिन, शिलाई, सगळं धरून. एक बाजू केली की दुसरीचा रंग जुळत नाही, म्हणून दोन्ही बाकं करायची." तो थांबला. "तेव्हा तीनशेत झालं असतं. नुसता धागा घालायचा होता."

"पैसे नाहीत?"

"पैसे आहेत. जमवलेत."

"मग अडलंय कुठं?"

"बशीरभाईपाशी."

बशीरभाई म्हणजे तालुक्याचा सीट शिवणारा. तो सामान घेऊन आला, शाल बघितली आणि मागे सरला. बुवांची जागा आहे, म्हणाला, बुवांनी सांगितल्याशिवाय मी ब्लेड लावणार नाही. हणमंतनं जादा पैसे देऊ केले. त्यावर बशीरभाईनं पेटी बंद केली आणि धक्क्यावर जाऊन बसला. सोमवारी परवान्याचे साहेब बोट तपासायला येणार होते. कुजलेलं बाक दिसलं की परवाना थांबणार, परवाना थांबला की बोट थांबणार, आणि बोटीवर त्याचं घर चालत होतं. दुसरा कारागीर शोधायला वेळ नव्हता.

"तुम्ही फक्त हो म्हणा, बुवा. एवढा एक शब्द. तो लगेच कामाला लागतो."

बुवा तांदूळ निवडत राहिले.

मी हणमंतला पाणी दिलं. ते न पिताच त्यानं भांडं खाली ठेवलं.

"नाहीतर असं करू," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना हणमंत थोडासा परत आला. "तुम्ही स्वतःच चला. क्षणभर त्या जागेवर टेका. अगदी कडेला, तिथं फळी अजून धड आहे. मी हात देतो. तुम्ही एकदा बसलात की ती जागा तुमची झाली... मग मी खोटं बोललो असं राहतच नाही."

हा तोडगा मला इतका पटला की मी झाडू कोपऱ्यात ठेवून दिला.

बुवांनी सूप बाजूला सारलं.

"चल," ते म्हणाले.

बाजाराचा दिवस होता. धक्क्याला लागलेली बोट भरली होती. पाट्या, पिशव्या, एक कोंबडी पाय बांधलेली. बुवा उतरणीवरून येताना दिसले तशी बोटीतली माणसं उठून उभी राहिली, आणि बोट एका अंगाला कलली. हणमंतनं धावत जाऊन दोर धरला. बुवांना बोटीत बघायला मिळणार या आनंदानं बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले. अखेर बुवा आपल्या जागेवर बसणार होते.

बशीरभाई धक्क्यावर पेटी घेऊन उभा राहिला. त्यानं बुवांना सलाम केला. बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोच हात टेकवून ते बोटीत उतरले.

शालीवर ताजं फूल होतं.

बुवांनी शालीकडे बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. बाकं भरलेली, सगळ्यांत मागे चिमाबाई एका हातानं दांडी धरून उभ्या होत्या. त्यांचेही गुडघे बुवांसारखेच.

"चिमा, तू उभी का?"

"जागा न्हाई की, बुवा."

"ही रिकामी आहे."

चिमाबाई हसल्या आणि त्यांनी कानाला हात लावला. "ती तुमची हाय."

"माझी आहे ना? मग मी सांगतो. बस."

बुवांनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना पुढे आणलं. चिमाबाई अंगानं जड बाई. लोक आत सरकून त्यांना वाट देत होते, कुणी म्हणालं, म्हातारीचं नशीब बघा.

मी हणमंतकडे बघितलं. त्याच्या हातातला दोर ताठ झाला होता.

"बुवा..." तो म्हणाला.

बुवांना ऐकू आलं नसावं.

"आत्या," हणमंत चिमाबाईंना म्हणाला, "तू माझ्या जागेवर बस. इंजिनापाशी. तिथं ऐसपैस हाय."

"आता बुवा सांगत्यात म्हटल्यावर..." चिमाबाई म्हणाल्या.

"ओलं हाय तिथं, आत्या."

"असू दे. वाळंल."

सगळी बोट कौतुकानं बघत होती. हणमंतच्या कपाळावरून घाम खाली आला, तो त्यानं पुसला नाही. अजून तो बुवांकडे बघत होता. बुवा आता थांबवतील, काहीतरी बोलतील, हसतील, एवढीच आशा त्याला उरली होती, आणि मलाही. बुवा शांतपणे चिमाबाईंचं मनगट धरून उभे होते.

चिमाबाईंनी फूल उचलून कपाळाला लावलं. शालीला हात लावून नमस्कार केला. मग पाठ फिरवली, दांडी सोडली आणि गुडघे वाकवायला लागल्या...

"आत्या, बसू नगं. फळी कुजलीया."

तो ओरडला नाही. पण बोटीतल्या शेवटच्या माणसालाही ते ऐकू गेलं.

चिमाबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच राहिल्या. बुवांनी त्यांना हातानं वर ओढून सरळ केलं. मग हणमंतकडे न बघताच विचारलं,

"आणि?"

हणमंतनं दोर हाताला गुंडाळला.

कोंबडी फडफडली. कुणीतरी तिला दाबून धरलं.

"आणि..." हणमंत म्हणाला, "ती बुवांची जागा न्हाई. कधीच नव्हती. सीट फाटली होती, म्हणून मी शाल टाकली. बुवा तिथं बसल्यालंच न्हाईत."

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, तो झाला असता तर बरं वाटलं असतं. ज्यांनी नारळ ठेवले होते ते पाण्याकडे बघायला लागले. मीही पाण्याकडे बघितलं.

चिमाबाईंच्या हातात अजून ते फूल होतं. त्यांनी ते पिशवीत टाकलं.

"मग इलासचा फोन आला त्यो?" त्यांनी विचारलं.

हणमंतनं बुवांकडे बघितलं. बुवांनी चिमाबाईंचं मनगट सोडलं.

चिमाबाईंनी शाल उचलली, झटकली, नीट चौपदरी घडी केली आणि हणमंतच्या हातात दिली. शालीखाली रेक्झिन हातभर उकललं होतं आणि आतून काळा पडलेला फोम बाहेर आला होता. त्यांनी वाकून नीट बघितलं.

"फाटलं व्हतं तर सांगायचं," त्या म्हणाल्या. "ठिगाळ मी दिलं असतं."

हणमंतनं मान खाली घातली. ती मी पहिल्यांदा खाली गेलेली बघितली, आणि मला त्याची फार कीव आली.

बशीरभाई बोटीत आला. या वेळी त्यानं बुवांकडे बघितलं नाही, हणमंतकडे बघितलं. हणमंतनं मान हलवली. बशीरभाईनं पेटीतून ब्लेड काढलं आणि शिवणीवरून एका ओढीत फिरवलं. सडक्या पाण्याचा वास सगळ्या बोटीत पसरला. त्यानं मुठीत धरून फोम पिळला तेव्हा काळं पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. बाजाराची माणसं एकेक करून धक्क्यावर उतरली. काही जण घरी परतले, काही तिथंच पाट्या टेकवून काम बघत बसले. चिमाबाई बसलेल्यांत होत्या.

बुवांना उतरण चढवायला हणमंत बरोबर आला. मी मागे होतो. निम्म्या वाटेवर त्याला राग आला. आतापर्यंत भीतीपोटी दाबलेला तो सगळा एकदम वर आला असणार, कारण बुवांशी त्या आवाजात बोललेलं मी कुणालाच ऐकलेलं नाही.

"तुम्हाला सगळं सांगितलं होतं, बुवा. फळी कुजलीय, खाली लोखंड आहे, सगळं. तरी तिला बसवायला निघालात. मी बोललोच नसतो तर?"

बुवा दम खायला थांबले.

"सांगा की. मी तोंड उघडलंच नसतं तर?"

बुवांनी गुडघ्यावर हात ठेवला. श्वास जागेवर यायला वेळ लागला...

"मग तिच्याआधी मला बसावं लागलं असतं," ते म्हणाले.