गालाची पारख

चिंध्यांना नि सुयांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. द्वारकाबाई शिंपीण उरल्यासुरल्या कापडांतून दवाखान्यातल्या रोग्यांसाठी उशांचे अभ्रे शिवी, तेही फुकट.

तिच्या बोचक्यात जुन्या लुगड्याची विटकी चिंधी धास्तावून बसली होती. शेजारची पैठणीची चिंधी खिजवी, "बये, तुझं पोतेरंच होणार!"

द्वारकाबाई एकेक चिंधी उचलून स्वतःच्या गालावर फिरवायची.

"ही असं का करते गं?" विटकीने सुईला विचारलं.

"बघ तर खरं."

पैठणीच्या चिंधीचा जरीकाठ गालाला बोचला. बाईने ती अभ्र्याच्या मागच्या अंगाला लावली, आणि विटकी वर, मधोमध.

पैठणी फणकारली, "हिला बघणार कोण?"

"कुणीच नाही," सुई म्हणाली. "झोपताना डोळे मिटतात गं बाई, गाल जागाच राहतो."