घरची टिटवी

नदीला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या मुंग्यांना दरवर्षी एकच घोर असे, वारूळ कुठे बांधायचं? पूर कुठवर चढणार ते टिटवीला आधीच कळे आणि ती त्याच्या वरच्या अंगाला अंडी घाली. म्हणून थोरल्या मुंगीने तिच्याशी ठरवलं, "टिटवीताई, जागा तुम्ही दाखवा. पसाभर ज्वारी आम्ही देऊ."

सात पावसाळे वारुळाला पाणी शिवलं नाही. पशाची मात्र हळूहळू चिमूट झाली, आणि तीही किडक्या दाण्यांची. जुन्या घराशी वाईटपणा कशाला घ्यायचा, म्हणून टिटवी गप्प राहिली.

आठव्या वर्षी ती आली तेव्हा एक वाटसरू होला वारुळापाशी टपोरे दाणे टिपत होता. तिच्यापुढे कोंडा ठेवत थोरली मुंगी मायेने म्हणाली, "ते पाहुणे आहेत हो. तुम्ही काय, घरच्याच."

टिटवीला राग आला नाही. मुंगी खोटं बोलत नव्हती, घरच्यांच्या वाट्याला उरलंसुरलंच येतं. ती म्हणाली, "थोरल्याबाई, मला पुन्हा पाहुणी करा. दरवर्षी बोलवा आणि दरवर्षी नव्याने ठरवा."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तरी अंडी मी घालणारच आहे. पण ती गोट्यांसारखी दिसतात, आणि काठावर गोटे पुष्कळ आहेत."