एका भिंतीतलं मोहोळ

फार पूर्वी हिमवंताच्या कुशीत सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका डोंगरगावात, मधमाश्या पाळणाऱ्यांच्या घरी जन्माला आले. नाव त्यांचं सोमिल.

त्या गावात मोहोळं झाडावर नसत, घरात असत. भिंतीत कोनाडा, बाहेरून बोटाएवढं भोक, आतून फळी. आणि रीत अशी, की लग्न झालेली मुलगी माहेराहून मोहोळ घेऊन यायची, करंडीत बांधून, डोईवर. ते सासरच्या भिंतीत बसलं की मगच ती चुलीला हात लावायची. पुढं आईबाप जायचे, भाऊ विचारीनासे व्हायचे. पण भिंतीला कान लावला की आत माहेर गुणगुणतंय. म्हणून एका घरचं मोहोळ कुणी दुसऱ्या घरच्यात मिसळत नसे. सोमिलाच्या भिंतीत त्याच्या मेलेल्या आईचं मोहोळ होतं.

आश्विनात मध काढताना कडेची पोळी घ्यायची, मधली माश्यांना हिवाळ्यासाठी ठेवायची. त्या साली राजपुत्राचं लग्न निघालं आणि राजवाड्यातून जास्तीचा मध मागितला गेला. गावचा मुखिया दंडक घरोघर फिरला.

"मधलीही कापा. एक साल माश्यांनी उपास केला तर काय बिघडतंय?"

गावानं कापली. सोमिलानं नाही कापली. तेव्हा दंडक त्याचा बैल सोडून घेऊन गेला.

मग थंडी आली, आणि ती काही साधी नव्हती. सकाळी भोकांखाली मेलेल्या माश्यांचे थर दिसू लागले. बायकांचा जीव कळवळला. त्यांनी दयेपोटी भिंतीशी शेगड्या पेटवल्या. ऊब लागली तशी माश्यांना वाटलं, फुलं आली. त्या बाहेर उडाल्या आणि बर्फावर तिळासारख्या पडल्या.

सोमिल दारोदार गेला.

"बायांनो, शेगड्या विझवा. माश्या एकमेकींना बिलगून आपली ऊब आपण करतात. पण त्याला माश्या पुष्कळ लागतात आणि पोटाला मध लागतो. तुमच्याकडे दोन्ही उरलं नाही. माझ्या भिंतीत मध आहे. सगळी मोहोळं तिथं आणा, एक करू. मात्र एका मोहोळात राणी एकच राहते, पुढच्या सगळ्या माश्या तिच्याच पोटच्या. बाकीच्या माराव्या लागतील."

"आणि राहील ती तुझ्या आईची, होय ना?" एक सून फणकारली. "मोठा शहाणा!"

"कुणाचीही ठेवा. तुम्ही ठरवा."

ठरवायला बायका जमल्या. सासू म्हणे माझी, सून म्हणे माझी. जावा जावांशी बोलेनाशा झाल्या. भांडता भांडता पौष उजाडला आणि एकेक भिंत मुकी होत गेली. दंडकाच्या बायकोनं फळी काढली, तर माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या. शेवटचा थेंब शोधता शोधता गेल्या होत्या. मग दंडक स्वतःच सोमिलाकडे आला.

"तुझा बैल घेऊन जा बाबा."

"आता बैल घेऊन काय करू, मुखिया?"

शेवटी एका दुपारी ऊन पडलं, तेव्हा उत्पला आली. विधवा बाई, पोटी कुणी नाही, माहेरचं गाव दरडीखाली गेलेलं. पदराखाली करंडी होती.

"ओंजळभर उरल्यात रे, सोमिला. राणी जिती आहे. तिला मार, पण या पोरींना आत घे."

एवढं बोलून ती पाठ फिरवून बसली. सोमिलानं फळी काढली. दोन्हीकडच्या माश्यांना ओव्याचा धूर दिला, म्हणजे वास एक व्हावा आणि त्यांनी एकमेकींना मारू नये. मग हळूच राणी उचलली. हात थांबला. मग त्यानं बोटं मिटली.

उत्पलेला राहवलं नाही, तिनं वळून पाहिलं. तिची राणी करंडीत तशीच जिती होती.

"अरे, ही तर तुझ्या आईची!"

"मला आई आठवते, काकू. तुझं तर सगळं गावच गेलं."

फाल्गुनात बर्फ वितळलं. खाली मोहरी फुलली, पण त्या पिवळ्या रानात आवाज नव्हता. गावातल्या बायका येऊन सोमिलाच्या भिंतीला कान लावून उभ्या राहायच्या. ऐकायच्या आणि रडायच्या, कारण आत गुणगुणत होतं ते त्यांचं नव्हतं. त्या एका मोहोळातून गावच्या भिंती पुन्हा भरायला एक पिढी गेली. भरल्या, त्या सगळ्या उत्पलेच्या माहेरच्या. बाकीची माहेरं संपली ती संपलीच.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दंडक म्हणजे आज विहाराच्या पाण्याचे रांजण भरणारा हा भिक्षू अरिमल. उत्पला म्हणजे आपली वडीलधारी भिक्षुणी, थेरी सुमना. आणि सोमिल मीच होतो."

मागून एका भिक्षूनं विचारलं, "भगवन्, आणि ज्या माश्या मेल्या, त्या कोण होत्या?"

शास्ते म्हणाले, "आपलं असेल ते देऊन दुसऱ्याचं जगवणं, याला दानपारमिता म्हणतात. त्या हिवाळ्यात त्या माश्यांना ती पुरली नाही. तरी ती करायचीच होती."