न आलेला ताप

एकदा एक विणकर स्वतःच्या पायांनी चालत रुग्णालयात आला, आणि बाराव्या दिवशी त्याला खांद्यावरून परत न्यावे लागले. त्याचे नाव दस्तगीर. दुखणे साधे, हर्नियाचे. सुलक्षणा नावाच्या तरुण डॉक्टरने त्याची शस्त्रक्रिया केली आणि ती निर्दोष झाली. पण पाचव्या दिवशी जखमेत पू धरला, ताप चढला आणि तो कोणत्याच औषधाला दाद देईना.

देह ताब्यात घेताना त्याची पत्नी हलीमाबी सुलक्षणेला एवढेच म्हणाली, "बाई, घरून निघाले तेव्हा त्यांना ताप नव्हता. मग इथं कुठून आला?"



त्या धर्मादाय रुग्णालयाचे प्रमुख एक वृद्ध शल्यवैद्य होते. सारे त्यांना अप्पा म्हणत. सुलक्षणा त्यांची शिष्या. दुसऱ्या दिवशी ती राजीनामा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अप्पा, माझ्या हाताला यश नाही. मला जाऊ द्या."

अप्पांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "उद्यापासून तू शस्त्रक्रिया करायची नाहीस. वॉर्डात स्टूल टाकून बसायचं. कोणाला हात लावायचा नाही. कोण कशाला हात लावतो, तेवढं लिहीत जायचं."

"किती दिवस?"

"कळेपर्यंत."

ही शिक्षाच आहे असे तिला वाटले. वॉर्डातल्या परिचारिकांनाही तसेच वाटले, आणि त्या तिच्याशी जपून बोलू लागल्या.

त्याच आठवड्यात गावातले हळदीचे मोठे व्यापारी रेवणशेठ अप्पांकडे आले. वडिलांच्या स्मरणार्थ संगमरवरी शस्त्रक्रियागृह बांधून द्यायचे त्यांच्या मनात होते. नकाशाही तयार होता. अप्पांनी तो सावकाश पाहिला आणि गुंडाळी करून परत दिला.

"शेठ, इमारत नको. इथं दर नऊ जखमांमागं एक बिघडते. का, ते आम्हाला ठाऊक नाही. ते शोधायला माणसं द्या, जंतू तपासायला छोटी प्रयोगशाळा द्या, आणि वेळ द्या."

"आणि शेवटी काय दिसेल?"

"कदाचित काहीच दिसणार नाही."

"मग वडिलांचं नाव कुठं लावायचं, अप्पा?"

"नाव लावण्याजोगं काही नसेल," अप्पा म्हणाले. शेठ दुखावले आणि उठले. वॉर्डातून बाहेर पडताना त्यांना स्टुलावर वही घेऊन बसलेली सुलक्षणा दिसली. "तुम्ही डॉक्टर ना? नुसत्या बसून का आहात?" त्यांनी विचारले. तिने दस्तगीरची हकिगत सांगितली, काही न लपवता.

शेठनी समोरच्या खाटांकडे पाहिले. "आता यांच्यापैकी कोणाला ताप येणार नाही ना?"

"येईल," सुलक्षणा म्हणाली. "कोणाला, ते सांगता येत नाही."

शेठ निघून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला, पण एका वर्षापुरताच.

शोध सुरू झाला. हात धुतल्यावर सगळे एकाच टॉवेलला हात पुसतात, हे सुलक्षणेच्या वहीतून पहिल्यांदा दिसले. टॉवेल बंद केला. महिनाभर ताप कमी झाले, मग पुन्हा पूर्वीइतकेच. नळ तपासले, ते स्वच्छ निघाले. आठ महिने गेले. शेठनी विचारून पाठवले, काही सापडले का? अप्पांनी कळवले, "कुठं नाही, ते सापडलंय."

एका दुपारी कौसल्यामावशी जखमा धुण्याच्या औषधाचा डबा भरत होत्या. वीस वर्षे त्या वॉर्डाची झाडलोट करत होत्या आणि सुलक्षणेच्या वहीत त्यांच्या हातांची नोंद शेकडो वेळा होती. पण तिने त्यांना कधी काही विचारले नव्हते. आज विचारले.

"मावशी, हा डबा धुता कधी?"

"धुवायचा कशाला? औषधच तर आहे त्यात. निम्मा झाला की वरनं औषध-पाण्याची भर घालायची. थेंब वाया घालवायचा नाही, अशी शिस्त आहे. मी लागले त्याच्या आधीपासनं."

"कोणाची शिस्त?"

मावशींनी इकडेतिकडे पाहिले. "अप्पांची."

डब्याच्या तळातला नमुना प्रयोगशाळेत गेला. बिघडलेल्या जखमांतून जो जंतू वारंवार निघाला होता, तोच त्यात वाढला. पाणी घालून पातळ केलेल्या त्या औषधात तो सुखाने जगत होता, आणि रोज सकाळी जखमा त्याच औषधाने धुतल्या जात होत्या.

सुलक्षणेने अहवाल अप्पांपुढे ठेवला. अप्पांनी तो दोनदा वाचला. 

"पूर्वी हे औषध मिळत नसे, म्हणून मी तसं सांगितलं होतं," ते म्हणाले. "पुढं मिळू लागलं. मी मात्र पुन्हा विचार केला नाही."

"नियम कोणाचा, हे लिहायलाच हवं का?"

"लिही. नाव घालून लिही. जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयात पाठव. तिथंही कोणीतरी अप्पा असेल, त्याला डबा उघडून बघावासा वाटू दे."

मग ते स्वतः हलीमाबीच्या घरी गेले. मागावर तिचा दीर बसला होता. अप्पांनी उभ्यानेच सारे सांगितले, ताप कुठून आला तेही आणि नियम कोणाचा तेही. हलीमाबी ऐकत राहिली. तिने क्षमा केली नाही, दोषही दिला नाही. "बरं झालं सांगितलंत," एवढे म्हणून तिने त्यांना बसायला चटई टाकली.

वर्ष सरले तेव्हा रेवणशेठ वॉर्ड पाहायला आले. डबा आता रोज रिकामा करून उकळला जात होता आणि पन्नासांत एखादीच जखम बिघडत होती. पण पाहण्यासारखे काही नव्हते. खाटा त्याच होत्या, भिंतींचा रंगही जुनाच.

अप्पा म्हणाले, "शेठ, संगमरवरी खोली बांधली असती, तर आम्ही तोच डबा उचलून त्या खोलीत ठेवला असता. आलेला ताप सगळ्यांना दिसतो, त्यासाठी माणसं धावून येतात. न आलेला ताप ज्याचा टळला त्यालाही कळत नाही. मग त्याचे आभार कोण मानणार आणि त्यासाठी कोण देणार? तुम्ही दिलंत. कोणाला दिलंत, ते तुम्हालाही कधी समजणार नाही."

शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी घरी निघाली होती. पित्ताशयाचे खडे काढून आजचा पाचवा दिवस. सून पिशवी भरत होती आणि म्हातारी चप्पल सापडत नाही म्हणून तिच्यावर करवादत होती. शेठ वाकले, खाटेखालून चप्पल काढली आणि तिच्या पायाशी ठेवली. "उशीर होतोय हो, एसटी चुकायची," असे त्यांनाच ऐकवून ती सुनेचा हात धरून चालू लागली. ती दारातून बाहेर जाईपर्यंत शेठ पाहत राहिले.

मग ते सुलक्षणेकडे वळले. "अजून काय कळायचं राहिलंय?"

"सलाईनच्या सुईच्या जागी काहींना सूज येते आणि ताप भरतो. का, ते अजून कळलं नाही."

रेवणशेठनी कोपऱ्यातले एक स्टूल ओढले आणि त्यावर बसले.

"सांगा," ते म्हणाले.